गंगाधरपंतांची खुर्ची आणि आमचा गट



याआधी याच वेळेला आम्ही तुमच्याशी शेळ्यांच्या लसीबद्दल बोललो. बँकेच्या खात्याला नॉमिनी कसा लावायचा ते सांगितलं. गटाचं कर्ज थकलं की पुढं काय होतं, यावर तर दोनदा बोललो. आज कामाचं काहीच सांगणार नाही. आज एका गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ती वाचताना आमच्या गटातल्या बाया इतक्या मोठ्यानं हसल्या, की शेजारच्या वाड्यातून पोरगं पाठवून विचारलं गेलं, "कुणाचं काय झालं का?"

गोष्ट विज्ञानाची आहे. विज्ञानकथा म्हटलं की रॉकेट आणि परग्रहावरचा हिरवा माणूस डोळ्यापुढं येतो, आमच्याही आला. या गोष्टीत तसं काही नाही. हिच्यात एक इतिहासाचे प्राध्यापक आहेत, एक ट्रकचा धक्का आहे आणि एक खुर्ची आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' हे तिचं नाव आणि लिहिणारे जयंत नारळीकर.

आमच्या हातात ती आली ती उलट्या वाटेनं. आमच्यातल्या एकीची भाची नवोदय विद्यालयात शिकते. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीला आली तेव्हा तिच्याजवळ अकरावीचं इंग्रजीचं पुस्तक होतं. माळवदावर झोपायच्या आधी ती एकटीच वाचून हसायली. मावशीनं विचारलं, "काय वाचायलीस गं?" म्हणाली, "पानिपत." मावशी म्हणाली, "इंग्रजीत पानिपत? आणि पानिपत वाचून कुणी हसतं का?" तेव्हा कळलं की हा धडा म्हणजे मराठी माणसाचीच गोष्ट आहे, ती इंग्रजीत जाऊन दिल्लीच्या पाठ्यपुस्तकात बसली आहे आणि तिथून आमच्या माळवदावर आली आहे. मग तालुक्याच्या वाचनालयातून मराठी पुस्तक आणलं. ते घेताना वहीत कारण लिहायचं होतं. आमच्या सचिव वहिनींनी लिहिलं, "गटासाठी." खोटं नव्हतं.

उन्हाळ्यातच वाचलं याला कारण आहे. आमच्या गटातल्या निम्म्या जणी ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळ्या निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडून सगळ्या घरी येतात तेव्हा एप्रिल उजाडलेला असतो. म्हणजे सगळ्या एका जागी बसून काही ऐकायचं तर ते उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंतच. बचतीची बैठक उरकली, वहीवर सह्या-अंगठे झाले, की लिंबाखाली सतरंजीवर वाचन. गोष्ट तशी लहान आहे. आम्हाला तीन बैठका लागल्या. वाचणं कमी आणि बोलणं जास्त.

तर गोष्ट अशी. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्यातले इतिहासाचे मोठे प्राध्यापक. त्यांना एकच शौक, सभेचं अध्यक्षपद. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्ष होऊन झालेत आणि आता हजारावी सभा पानिपतावर करायची आहे. पानिपतात मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, याचा विचार करत रस्त्यानं चाललेले असतात आणि ट्रकची धडक बसते. पुढं डोळे उघडतात ते वेगळ्याच हिंदुस्थानात. तिथं मराठे पानिपत जिंकलेले आहेत. इंग्रजांची कंपनी मुंबईपुरती उरलेली आहे. पुण्याहून मुंबईला आगगाडीनं जायचं तर मध्ये सरहद्द लागते आणि परवाना बघतात.

इथंच आमच्या आक्कांनी वाचन थांबवलं. आक्का साठीच्या पुढच्या. शाळा दुसरीपर्यंत, पण गटाचं व्याज तोंडी काढतात. त्या म्हणाल्या, "थांबा. ह्यो मेला का काय?" मेला नाही, सांगितलं. "मंग सपान पडलं का?" सपानही नाही. "मंग हाय कुटं?" हाच तर गोष्टीचा प्रश्न आहे, असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "वाचा पुढं, पर मला सांगितल्याबिगर उठू नका."

गंगाधरपंत मुंबईत पोचतात. तिथं त्यांचा मुलगा नोकरीला असायला हवा. त्याच्या कचेरीत जातात तर त्या नावाचा कुणी माणूसच नाही. मग ग्रंथालयात बसून इतिहासाची पुस्तकं उलटतात. पानिपतापर्यंतचा इतिहास आपल्यासारखाच आहे, पानिपतापासून पुढचा बदललेला. संध्याकाळी आझाद मैदानावर एक सभा भरलेली दिसते. स्टेजवर वक्ता बोलतो आहे आणि बाजूला अध्यक्षाची खुर्ची आहे. रिकामी! नऊशे नव्याण्णव सभांचा अध्यक्ष आणि समोर रिकामी खुर्ची. पंतांना ते सहन होत नाही. चालत जाऊन बसतात. लोक ओरडतात, उतरा, आमच्याकडं अध्यक्षाची पद्धत कधीच बंद झाली, ती खुर्ची नुसती शोभेची आहे. पंत ऐकतात होय? ते उठून भाषणच सुरू करतात. मग लोक टमाटे, अंडी, हाताला येईल ते फेकतात आणि शेवटी स्टेजवर चढून त्यांना उचलतात.

आम्ही सांगितलं त्यात हसण्यासारखं काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही आमच्या शेजारच्या गावच्या त्या महिला मेळाव्याला नव्हता ना, म्हणून. अकराला बायांना बोलावलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो. पाहुणे आले अडीचला. स्टेजवर सतरा खुर्च्या, त्यातल्या चौदा पुरुषांच्या. कार्यक्रम महिलांचा. प्रत्येकाचा सत्कार, शाल, श्रीफळ, आणि "माझ्याआधी सगळं बोलून झालंय, तरी मी दोनच शब्द बोलतो" म्हणून पाऊण तास. आमच्या गटाला बक्षीस होतं. ते द्यायची वेळ आली तेव्हा मांडव निम्मा रिकामा आणि लेकरं भुकेनं रडायलेली. अध्यक्षीय भाषण अजून व्हायचंच होतं. ते झालं, आणि पूर्ण झालं.

त्या दिवशी आम्ही काही फेकलं नाही. आमच्या हातात बक्षिसाचं स्टीलचं पातेलं होतं. ते फेकण्यासारखं नव्हतं.

म्हणून गंगाधरपंतांवर पहिला टमाटा पडला तेव्हा आमची जी अवस्था झाली ती सांगता येत नाही. पदर तोंडात कोंबूनही हसू थांबेना. एक जण म्हणाली, "अजून एकदा वाचा, फेकल्यालं." तीनदा वाचलं. आक्कांना मात्र एक शंका होती. "टमाट्याचा भाव काय व्हता तवा?" मागच्या साली त्यांच्या भावकीत कुणीतरी भाव पडला म्हणून कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतले होते, ते त्यांच्या मनात असणार. फेकणारे गिऱ्हाईक होते की शेतकरी होते यावर त्या दिवशी बरीच चर्चा झाली. गोष्टीत त्याचं उत्तर नाही.

आमच्या गटात एकच प्लास्टिकची खुर्ची आहे. बँकेचे साहेब आले की ती निघते. वाचन झालं त्या दिवसापासून तिचं नाव गंगाधरपंत पडलं आहे. "गंगाधरपंताला आत ठेव, पाऊस यायलाय," असं आता सहज बोललं जातं. नवीन सूनबाईला वाटलं होतं की हे कोणी थोरले सासरे आहेत.

आता जरा पानिपताबद्दल. तिसरी लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. आपण आता ज्या तारखेला तिळगूळ वाटतो, तीच तारीख. विश्वासराव हे नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव, अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं. त्यांना गोळी लागली आणि तिथून लढाईचा रंग बदलला. पानिपत कुठं तिकडं हरियाणात, पण ते आमच्या पायाखालून गेलेलं आहे, हे आम्हाला पुस्तक हातात घेईपर्यंत नीट सुचलं नव्हतं. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं. उदगीर म्हणजे शेजारचा लातूर जिल्हा. त्यानंतर परतूरच्या मुक्कामी ठरलं की उत्तरेत भाऊंनी जायचं. परतूर म्हणजे आमच्या माजलगावकडून गोदावरी ओलांडली की पलीकडं, जालना जिल्ह्यात. तिथून फौज निघाली ती पानिपतावर. आणि पानिपतानंतर अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ ला, विश्वासरावांच्या धाकट्या भावानं, माधवरावांनी निजामाच्या फौजेला हरवलं ते आपल्या गेवराई तालुक्यात, राक्षसभुवनला. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. राक्षसभुवनला आम्ही सगळ्याच शनीला जातो, गोदावरीत पाय धुतो, नारळ फोडतो. तिथं एवढं काही झालं होतं हे आमच्यातल्या फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली एक म्हणजे ती नवोदयची भाची.

नारळीकरांच्या गोष्टीत ती गोळी चुकते. बास, एवढंच. बाकी सगळा फरक त्यातून. पंतांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं एक फाटकं पान राहून जातं, आणि त्यावर लिहिलेलं असतं की गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली, तिळाचं अंतर पडलं म्हणून वाचले. आपल्या जगातल्या बखरीत त्याच जागी ते पडले असं आहे.

इथं आम्हाला तुम्हाला एक आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. सांगायची परवानगी घेतलेली आहे.

"विश्वास पानिपतात गेला" ही म्हण तुम्हाला माहीत आहेच. उधार मागायला गेलं की ती ऐकायला मिळते. आमच्या गटातल्या एका वहिनीनं पंधरा हजारांचं कर्ज घेतलं होतं. नवऱ्याचं ऑपरेशन निघालं आणि चार हप्ते थकले. बैठकीत आमच्या कोषाध्यक्ष ताई तिला तोंडावर म्हणाल्या, "विश्वास पानिपतात गेला, बाई." म्हणीपुरतंच म्हणाल्या असतील, पण बारा जणींसमोर म्हणाल्या. वहिनीनं पासबुक सतरंजीवर ठेवलं आणि उठून गेली. दोन महिने फिरकली नाही. आम्ही दोनदा घरी गेलो. ती चहा करायची, साखर जास्त घालायची आणि विषय काढला की शेळी बघायला गोठ्यात जायची.

वाचनाला ती आली ती पोरीमुळं. पोरगी सातवीत आहे, तिनं गल्लीतून हसणं ऐकलं होतं. तिसऱ्या बैठकीला दोघी येऊन कडेला बसल्या. आम्ही तिच्याकडं बघितलं नाही, मुद्दाम. वाचता वाचता ते फाटक्या पानाचं आलं. गोळी चुकली, विश्वासराव वाचले. वाचणारी थांबली, कारण तिच्याही लक्षात आलं. सगळ्या जणी सतरंजीची भोकं मोजायल्या. आणि कडेवरून आवाज आला, "म्हंजे गेला नव्हता तर."

आधी हसली ती वहिनीच. मग कोषाध्यक्ष ताई अशा हसल्या की डोळ्यातून पाणी. ते नुसतं हसण्याचं होतं असं आम्ही म्हणणार नाही.

हसण्यानं कर्ज फिटत नाही, हे आम्ही दोनदा याच रेडिओवर सांगितलेलं आहे. पुढच्या बैठकीत हिशोब मांडला, महिना तीनशेचा हप्ता ठरला. दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा उशिरा आला. पण ती स्वतः घेऊन आली.

आक्कांना सांगितल्याशिवाय उठायचं नव्हतं, म्हणून पंत होते कुठं, ते सांगतो. शेवटी त्यांचे एक मित्र त्यांना हे समजावून देतात. तो भाग जरा जड आहे आणि खरं सांगायचं तर थोडा लांबलाही आहे. हसत हसत चाललेली गोष्ट तिथं एकदम वर्गात जाऊन बसते. आम्ही तो दोनदा वाचला आणि मग आपल्या भाषेत केला. तो असा. दगड भिरकावला किंवा गोळी झाडली, तर ती कुठं पडेल हे हिशोबानं सांगता येतं. पण अणूच्या आतला जो इलेक्ट्रॉन नावाचा बारीक कण आहे, तो सोडला तर नेमका कुठं जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. इकडं जाण्याची शक्यता एवढी, तिकडं जाण्याची एवढी, इतकंच सांगता येतं. हिशोब कच्चा म्हणून नव्हे, निसर्गाचीच ती रीत आहे. मग काही शास्त्रज्ञ म्हणाले की तो इकडंही जातो आणि तिकडंही जातो, प्रत्येक वाटेचं वेगळं जग होतं, आपल्याला फक्त आपलं दिसतं. अमेरिकेतल्या ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली हे मांडलं. सगळ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. नारळीकरांनी ते गमतीसाठी पंतांना लावून दिलं आणि त्यांना एका जगातून दुसऱ्यात ढकललं.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पावसावानी हाय की ह्ये. येईल बी, न्हाई बी. मंग एका जगात आपल्याकडं पाऊस पडल्याला असंल." त्या वर्षी मृगाचा पाऊस लांबला होता. कुणी हसलं नाही लगेच. मग एक जण म्हणाली, "त्या जगातल्या आक्काला इकडं पाठवा म्हणावं एक घागर." तेव्हा हसल्या.

मग आमच्यात एक खेळ सुरू झाला. तो आम्ही ठरवला नव्हता. ज्या त्या बाईनं आपला तीळ सांगायचा. म्हणजे आपल्या आयुष्यात तिळाएवढं अंतर कुठं पडलं असतं तर सगळं बदललं असतं. एकीचा तीळ म्हणजे ओढा. सातवीनंतर शाळा ओढ्यापलीकडं होती, पूर आला, आठ दिवस जाता आलं नाही, तेवढ्यात सोयरीक आली. एकीचा तीळ म्हणजे बापाची उचल. मुकादमाकडून त्या साली घेतली नसती तर ती आजीजवळ गावातच राहून दहावी झाली असती. एक म्हणाली, नवरा बघायला आला त्या दिवशी एसटी बंद पडली होती, तरी मेला चालत आला. एक जण म्हणाली, "मी न्हाई सांगत. जर-तर केलं की मला रडू येतं." तिला कुणी आग्रह केला नाही.

ओढ्यावाली पुढं बोलत राहिली. शिकले असते तर नर्स झाले असते, लातूरला नाहीतर संभाजीनगरला असते, पंखा असता, पगार असता. बोलता बोलता तिचा हात मांडीवर झोपलेल्या तिच्या पोरीच्या डोक्यावर होता. आणि आमच्या एक मावशी, ज्यांचा मुलगा आणि सून दोघंही टोळीत असतात, त्या मध्येच म्हणाल्या, "पर त्या मास्तरला तितं पोरगं न्हाई सापडलं ना." आम्हाला आधी कळलंच नाही कशाबद्दल बोलायल्या. गंगाधरपंतांबद्दल. लढाई जिंकलेल्या जगात ते मुलाच्या कचेरीत गेले आणि त्या नावाचा माणूसच नव्हता, ते. आम्ही ते वाचून पुढं गेलो होतो. खुर्चीची गंमत येणार म्हणून घाईत होतो. मावशी तिथंच थांबल्या होत्या.

ओढ्यावाली गप्प झाली. पोरीच्या केसातलं काहीतरी काढत राहिली. मग म्हणाली, "हिला घिऊन जाता आलं असतं तर गेले असते."

त्यानंतर पावसाचे चार थेंब आले आणि सगळ्या उठल्या. गंगाधरपंतांना आत नेलं.

गोष्टीबद्दल आमची एक तक्रार आहे, तीही सांगतो. तिच्यात बाई जवळजवळ नाहीच. प्राध्यापक आहेत, मित्र आहेत, गाडीत भेटलेले खानसाहेब आहेत, शूर राजपुत्र आहे. पानिपतावर नुसत्या तलवारी गेल्या नव्हत्या. हजारो यात्रेकरू, बाया, लेकरं फौजेबरोबर होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, त्या परत आल्या आणि भाऊ गेले हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, कुंकू पुसलं नाही. ज्या गावातून नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, बाईचं वेगळं नाव मुकादमाच्या वहीत येत नाही, तिथल्या बायांना हे विचारल्याशिवाय राहवत नाही. गोळी चुकली त्या जगात पार्वतीबाईंचं काय झालं? नारळीकर आज असते तर आम्ही पत्र टाकलं असतं.

ते आता नाहीत. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले. १९३८ चा जन्म, कोल्हापूरचा. केंब्रिजला शिकले, आकाशातल्या ताऱ्यांचा आणि विश्वाच्या जन्माचा अभ्यास जन्मभर केला, पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल हेही विज्ञानकथा लिहायचे. पण आमच्या गटाला त्यांची आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. तेव्हा नारळीकर आधीच मोठे होते. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी नाव बदललं. आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावानं गोष्ट पाठवली. अक्षर ओळखू येईल म्हणून ती पत्नीकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. हे वाचल्यावर आमच्या कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, "बघा, लिहायचं काम बाईचंच." मंगलाताई स्वतः गणिताच्या अभ्यासक होत्या आणि मुलांसाठी गणिताची पुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली, हे आम्ही त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तर हिशोबही तिनंच ठेवला असंल."

आणि खुर्चीचा अजून एक किस्सा. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष नारळीकर. पण तब्येतीमुळं त्यांना तिथं जाता आलं नाही. अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीची एवढी थट्टा ज्यानं लिहिली, त्याचीच खुर्ची संमेलनात अध्यक्षाविना राहिली. त्यांना हसू आलं असेल का, असं आम्हाला सारखं वाटतं.

बचत गटात गोष्टी कसल्या वाचता, असं आम्हाला काही जणांनी विचारलं. घरचे पुरुष होते आणि एक-दोन बायाही होत्या. वेळ वाया जातो, म्हणाले. आमच्या बैठकीचं इतिवृत्त आम्ही उघडून बघितलं. वाचनाच्या तीनही बैठकांना हजेरी पूर्ण होती. बचतही पूर्ण जमली होती. एवढंच आम्ही त्यांना दाखवलं. मात्र आम्हाला त्यांना खरं सांगायचं होतं ते वेगळं होतं आणि ते आम्ही सांगितलं नाही, कारण त्यांना पटलं नसतं. आम्ही हजेरीसाठी वाचलं नव्हतं. आम्हाला मजा येत होती.

दसऱ्यानंतर टोळ्या गेल्या. गटातल्या सात जणी आता तिकडं पश्चिम महाराष्ट्रात आणि दोघी कर्नाटकात फडावर आहेत. जाताना त्यांनी अट घातली की वाचन थांबवायचं नाही. म्हणून आता इकडं आम्ही वाचतो आणि मोबाईलवर आवाज भरून पाठवतो. पहाटे तीनला उठून फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कोपीवर येऊन भाकरी करायच्या. त्यातून रेंज मिळाली आणि चार्जिंग असलं तर ऐकतात. एका टोळीत तर शेजारच्या कोपीतल्या बायाही येऊन बसतात म्हणे, त्या आमच्या गटाच्या नाहीत, आमच्या जिल्ह्याच्याही नाहीत. त्यांनी मागची गोष्ट ऐकली नव्हती म्हणून आमच्या मावशींच्या सुनेनं ती त्यांना तोंडी सांगितली. सांगताना तिनं गंगाधरपंतांच्या हजार सभांच्या दोन हजार केल्या, असं कळलं.

सध्या आम्ही नारळीकरांचीच 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचायला घेतली आहे. अर्धीच पाठवली आहे. सोंड उजवीकडं कशी गेली हे अजून सांगितलेलं नाही, आणि त्यावरून तिकडून रोज एक निरोप येतो. कालचा मात्र गणपतीचा नव्हता. वहिनीचा होता, त्याच वहिनीचा. ती यंदा पहिल्यांदा टोळीत गेली आहे. हप्त्याचे तीनशे दिराकडं दिलेत, घेऊन या, असा निरोप होता, आणि शेवटी विचारलं होतं, "आक्काला विचारा, तिकडं टमाटे कसे किलो हायेत? आमच्या मुकादमाला खुर्चीवर बसायची लई हौस हाय."